मोठे मासे मधातच असतीन!

वाशीमच्या पठारावरच्या नद्या आठ महिने कुणाला अंगावर घेत नाहीत. काटेपूर्णा उत्तरेला उतरते आणि पूर्णा-तापीच्या संगतीने अरबी समुद्र गाठते. पूस पैनगंगेला मिळते, तिचं पाणी वर्धा-गोदावरी करत बंगालच्या उपसागरात जातं. एकाच पठारावरचा पाऊस दोन समुद्रांना वाटून देण्याचा हा थाट. पण वैशाखात बघाल तर त्यांच्या पात्रात म्हैससुद्धा धड भिजत नाही.

पावसाळ्यात मात्र रात्री वर कुठे ढग कोसळला की सकाळी पुलावर पाणी, आणि पुलाच्या दोन्ही अंगांना गाव. पूर पाहणं हा आमच्याकडे बिनतिकिटाचा खेळ. त्यात काठावर कुणी गळ टाकून बसलेला दिसला, की सल्लागार मंडळ तिथल्या तिथे भरतं. "काका, गय मधात फेका ना! मोठे मासे मधातच असतीन."

मधात मासा कशाला असेल? त्या लोंढ्यात बाभळीची खोडं गटांगळ्या खात असतात, आणि माशाला कुठे ड्यूटीवर वेळेत हजर व्हायचं असतं! तो काठाच्या बुडालेल्या गवताआड, वळणाच्या पोटात, नाल्याच्या तोंडाशी, जिथे पाणी घुटमळतं तिथे निवांत उभा असतो. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नाही. वासावर आणि मिशांवर कारभार चालतो. म्हणून इंग्लंडातले गळवाले दोरीला शिशाचं वजन लावलेली जाळीची डबी बांधतात आणि तीत चारा भरतात. तिला फीडर म्हणतात. डबी तळाशी बसते, चारा थोडा थोडा सुटतो आणि त्याच्या मागावर मासा गळापाशी येतो. आपल्याकडे भिजवलेली सरकीची ढेप चिकणमातीत मळून गोळा टाकला तरी काम तेच होतं. डबी हरवल्याचं दुःख नाही, एवढाच फरक.

मग दोरी थरथरते आणि बाहेर येतो वीतभर शिंगाळा. हातात घेताच तो कुरकुरतो, कल्ल्यांमागचे दोन काटे आडवे ताठ करतो आणि एक तरी काटा बोटात रुतवूनच राहतो. हा आवाज आणि हा काटा ज्याने अनुभवला, त्याला पुलावरचे सल्ले फारसे बोचत नाहीत.

खरी पंचाईत पुढेच. पूर येतो बहुधा श्रावणात, आणि श्रावणात घरोघरी मासा वर्ज्य. नदीत मासा चालून आलेला आणि चुलीवर भेंडी! पण नव्या पाण्यात मासे अंडी घालायला नाल्यांत चढतात, तेही याच दिवसांत. तेव्हा या एका बाबतीत स्वयंपाकघराचं ऐकलेलं बरं. पोट फुगलेली मादी गळाला लागली तर हलक्या हाताने सोडून द्या. आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर मासा असो की पाहुणा, पलीकडे जाऊ नका. आपल्या नद्यांचा पूर जसा चढतो तसा लवकर उतरतो.