इन्व्हर्टर अकोल्यातच राहू द्या

फिनिक्स, अ‍ॅरिझोना

ती. बाबांस,


मे महिन्यात चिखलदऱ्याला तंबू ठोकून राहायचा बेत कळला. दादा घरचा टेबलफॅन, तो चालवायला इन्व्हर्टर आणि इन्व्हर्टर चालवायला बॅटरी असा लवाजमा जीपवर चढवणार, हेही कळलं. आता फक्त बँडवाले सांगायचे राहिले. माझ्या मते न्यायचा तो थेट १२ व्होल्टवर चालणारा बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित डीसी मोटरचा पंखा. बॅटरी मुळात १२ व्होल्टची. तिची वीज २३० पर्यंत चढवताना दहा-वीस टक्के तापून वाया जाते, म्हणजे ऐन उन्हाळ्यात उष्णता विकत घ्यायची! साधा टेबलफॅन ५० वॅट खातो, इन्व्हर्टरची खादाडी धरून ६०. १२ व्होल्ट, २० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत २४० वॅट-तास मावतात. रात्री दहाला लावलेला पंखा दोनला थांबेल आणि सगळा तंबू दादाचा उद्धार करत उठेल. १५ वॅटचा बीएलडीसी त्याच बॅटरीवर सोळा तास, म्हणजे दोन रात्री फिरतो. जीपच्याच बॅटरीला वायर जोडू, असं दादा म्हणेल. ती गाडी सुरू करताना क्षणभर जोर लावण्यासाठी असते, रात्रभर राबायला नाही. मग सकाळी घाटात जीपला धक्का मारायची तयारी ठेवा.

‘एवढ्याशा पंख्यानं काय होते बाप्पा?’ हा काकांचा सवाल मला इथे ऐकू येतो. पंख्याचा वेग निम्मा केला की वाराही निम्मा होतो, पण लागणारी शक्ती जवळपास आठव्या हिश्श्यावर येते. म्हणून मोठ्या पात्यांचा, हळू फिरणारा पंखा घ्यावा आणि अंथरुणापासून हातभर अंतरावर ठेवावा. तंबूला छत नाही, मग छताच्या पंख्याएवढा वारा हवा कशाला? यूएसबीवरचे चिमुकले पंखे पोरांच्या तोंडापुरते ठीक. काकांच्या देहविस्ताराला ते पुरणार नाहीत.

खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मला मान्य आहे. पंखा हवा थंड करत नाही, घाम वाळवतो. पारा चाळिशीपार गेला की नुसता पंखा उलट अंग तापवतो. जागतिक आरोग्य संघटनाही तेव्हा पंखा लावू नका म्हणते. चिखलदरा हजार मीटरहून उंच, तिथल्या रात्रीला १५ वॅट पुष्कळ झाले. पण परत अकोल्यात आल्यावर काय? २०२४च्या मे महिन्यात तिथे उन्हापायी कलम १४४ लावलं होतं. सूर्याने काही ते पाळलं नाही. अशा दुपारी पंख्यासमोर ओलं उपरणं टांगा. आपली हवा कोरडी, म्हणून पाणी झपाट्याने उडतं आणि वारा गार होतो. आपल्या टिनाच्या कूलरचंही एवढंच गुपित. इथे फिनिक्समध्येही तसेच कूलर आहेत, आणि जुलैत हवा दमट झाली की आपल्यासारखेच रुसतात. तेव्हा हाच उपाय पावसाळ्यात करून मला शिव्या घालू नका.

दुकानात पंख्याचा रंग आईला बघू द्या. खोक्यावरचे व्होल्ट आणि वॅट तुम्ही वाचा. दादाने इन्व्हर्टरचा हट्ट सोडलाच नाही, तर तंबू वाऱ्याने उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर ठेवायला तो वजनाला उत्तम आहे.

आईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा