विकलेला बैल

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. पौडच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात पोह्यांची दुसरी कढई उतरली होती. आमचा भाचा पोह्यावर लिंबू पिळता पिळता एकदम थांबला. भाचा हिंजवडीला कामाला. सुट्टीला आमच्याकडे येतो आणि पहाटे उठून अमेरिकेतला बास्केटबॉल बघतो. मोबाईलकडे बघून त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं, भावकीत कोणीतरी गेलं.

"मामा, लुकाला दिला."

पौडमध्ये 'दिला' म्हटलं की लोक पहिल्यांदा 'काय रेटनं?' असं विचारतात. तसं दोघांनी विचारलंही. मग कळलं की जमिनीचा विषय नाही. लुका डॉन्चिच हा स्लोव्हेनियाचा खेळाडू डॅलस मॅव्हरिक्सकडे होता. आदल्याच वर्षी त्याने संघाला अंतिम फेरीपर्यंत नेलं होतं. त्याला उचलून लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकलं आणि बदल्यात अँथनी डेव्हिस घेतला. भाचा हताश होऊन म्हणाला, "सांगा ना, हा काय सौदा झाला?"

आता सौदा कसा तोलायचा, हे मुळशी तालुक्याला कोणी शिकवायची गरज नाही. आमच्या टेबलावर पैलवान होते. तरुणपणी आखाडा, हल्ली प्लॉटिंग, मधल्या काळात बैलांचा नाद. त्यांनी लगेच चौकशी हातात घेतली.

"गेलेल्याचं वय?"

"पंचवीस."

"चार दाती. म्हणजे आत्ता कुठं कामाला लागलेला. आणि आलेला?"

"एकतीस."

"जुळलेला. खोड काय?"

भाचा जरा चाचरला. "डेव्हिसला सारखी दुखापत होते."

"म्हणजे चार दिवस औताला, आठ दिवस दावणीला. आणि दिलेल्याची खोड?"

"वजन वाढतं म्हणत होते. फिटनेस नाही, बचावात कमी पडतो."

पैलवान हसले. "अरे, खातो म्हणून बैल विकतात होय? खाऊन ओढत नसंल तर विकतात."

डॅलसचे व्यवस्थापक निको हॅरिसन यांचं म्हणणं होतं की अजिंक्यपद बचावाच्या जोरावर मिळतं. पैलवानांचं म्हणणं एका वाक्याचं होतं. ते वाक्य वर्तमानपत्रात छापता येणार नाही.

मग 'वरचं काय मिळालं' ते निघालं. मॅक्स ख्रिस्टी नावाचा एक तरणा खेळाडू आणि २०२९ सालच्या ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा एक हक्क. ड्राफ्ट म्हणजे नव्या पोरांची वाटणी, एवढं भाच्याने समजावलं. त्या हक्कातून जो मुलगा मिळणार तो आज बहुधा नववी-दहावीत असेल, त्याला स्वतःलाही पत्ता नसेल. पैलवानांना हे चटकन कळलं. "गाभण म्हैस घेतली म्हण की. पोटात रेडा का रेडी, ते व्याल्यावर." अमेरिकेतल्या क्रीडा-विश्लेषकांनी या एका हक्कावर काय काय लिहिलं असेल कोण जाणे, एवढं नेमकं मात्र लिहिलं नसणार.

त्यातही एक कायदेशीर गंमत आहे. खर्चाची मर्यादा ओलांडलेल्या संघांना अदलाबदल करताना पगाराला पगार जुळवावा लागतो. लुका आणि डेव्हिस, दोघांचाही पगार वर्षाला साधारण ४ कोटी ३० लाख डॉलर. कागदावर तागडी कशी सपाट! गुरांच्या बाजारात दोन बैल एकाच वजनाचे निघाले म्हणून कोणी एकाच भावाचे धरत नाही. ती पद्धत खाटकाकडे.

भाव ठरवायची रीतही बघा. चाकणच्या बाजारात दलाल समोरच्याचा हात रुमालाखाली घेतो आणि बोटं दाबतो. आजूबाजूला शंभर माणसं उभी असतात, आकडा मात्र दोघांनाच कळतो. डॅलसचे हॅरिसन आणि लेकर्सचे रॉब पेलिंका हे दोघे कॉफी प्यायला बसले आणि तिथे बोलणं निघालं. मग महिनाभर गुपचूप बोटं दाबणं चाललं होतं. बातमी फुटली तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र उलटलेली होती, आपल्याकडे पोह्यांची वेळ. जगातला सगळ्यात गाजावाजा असलेला धंदा, पण सौदा शेवटी रुमालाखालीच.

इतका वेळ गुरुजी काही बोलले नव्हते. गुरुजी जिल्हा परिषदेतून निवृत्त. त्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "त्या मुलाला विचारलं होतं का?"

"कोणाला?"

"लुकाला. त्याची सही घेतली का?"

भाचा म्हणाला, तिकडे तशी पद्धत नाही. ज्याची नोकरी किमान आठ वर्षं आणि त्यातली चार त्याच संघात झाली आहेत, त्यालाच 'मला विचारल्याशिवाय पाठवू नका' असं कलम करारात मागता येतं. मागता येतं, मिळेलच असं नाही. लुकाचं सातवं वर्ष चालू होतं. म्हणजे त्याला सांगायचं, तेही ठरल्यावर.

गुरुजींच्या चेहऱ्यावर मी असं समाधान त्यांच्या पेन्शनच्या आदेशानंतर प्रथमच पाहिलं. "आमच्यात आपसी बदली असते," ते म्हणाले. "एक शिक्षक इकडचा, एक तिकडचा. दोघांची संमती, दोघांच्या सह्या, मग कागद पुढं सरकतो. एकानं नाही म्हटलं की फाईल बंद. ४ कोटी डॉलर घेणाऱ्याला जो हक्क नाही, तो माझ्या झेडपीच्या गुरुजीला आहे." पुढे त्यांनी हेही कबूल केलं की सह्या झाल्यावर कागद पंचायत समितीतून हलायला किती पावसाळे लागतात, ते विचारू नये. लुका मात्र एका रात्रीत पोचला.

न विचारता सौदा होण्याची गोष्ट या तालुक्यात निघाली की ती कॉफीवर थांबत नाही. मुळशीच्या धरणासाठी शेतकऱ्यांच्या भातजमिनी टाटांच्या वीज कंपनीला मिळाल्या, तेव्हा बदल्यात काय मिळणार आणि किती, यावर पुण्या-मुंबईत शहाण्या लोकांनी खूप तोलमाप केली. मुंबईच्या गिरण्यांना वीज, देशाची प्रगती वगैरे. ज्याचं शेत त्याची सही कोणी मागितली नाही, म्हणून १९२१ साली सत्याग्रह उभा राहिला आणि पांडुरंग महादेव बापट त्यातून 'सेनापती' झाले. धरण झालंच. वीज अजूनही मुंबईला जाते. हा विनोदी सदराचा विषय नाही, म्हणून इथेच सोडतो. पण पैलवान आणि गुरुजी एका परक्या पोरासाठी इतके का तापले, हे वाचकांना कळावं.

पैलवानांचा शेवटचा सल्ला असा: "बैल बाजारात तोलू नको. तो परत दारात आल्यावर तोल. विकलेला बैल एकदा तरी जुन्या गोठ्यासमोरून जातोच."

तो कसा जातो, ते पुण्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पुणेरी पलटणने २०२३ मध्ये प्रो कबड्डीच्या लिलावात मोहम्मदरेझा शादलुई या इराणी गड्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. गड्याने पैसे फेडले. त्या हंगामात पकडींचे ९९ गुण एकट्याने मिळवले आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पलटणने आपलं पहिलं विजेतेपद घेतलं. आमच्याकडे त्या रात्री गुलाल उडाला. मग पुढचा लिलाव आला आणि शादलुई सुटला. घेतला कोणी? हरियाणाने, २ कोटी ७ लाखांना. ज्याने लोळवलं त्यालाच घरी न्यायचं, ही अक्कल हरियाणाला असावी आणि पुण्याला नसावी, हे पुण्यात कबूल करणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

पुढचं मी स्वतः पाहिलं. २९ डिसेंबर २०२४ चा अंतिम सामना म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडानगरीत होता. पिरंगुट, लवळे, नांदे करत आम्ही तीन गाड्या भरून गेलो. मॅटवर हरियाणा आणि पाटणा पायरेट्स. आमचा संघ त्यात नव्हताच. हरियाणा ३२-२३ ने जिंकलं आणि शादलुईने आमच्याच दारात, आमच्याच दिव्यांखाली, दुसऱ्याचा करंडक उंचावला. माझ्या पुढच्या रांगेतला एक गडी शिट्टी मारायला तोंडात बोटं घालून तसाच थांबला होता. वाजवावी की नाही, हे त्याचं शेवटपर्यंत ठरलं नाही. बोटं ओली करून त्याने ती पँटला पुसली.

डॅलसवाल्यांचंही तेच झालं. त्यांनी तर सौदा कळताच आपल्या मैदानाबाहेर शवपेटी नेऊन निषेध केला होता. डेव्हिस नव्या दावणीला पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला. एप्रिलमध्ये लुका लेकर्सचा सदरा घालून डॅलसला आला, सुरुवातीला जुन्या क्षणांची चित्रफीत बघून ढसाढसा रडला आणि डोळे पुसून ४५ गुण घेतले. भाच्याने ते दृश्य मला तीनदा दाखवलं. तिसऱ्यांदा पैलवानही बघत होते. म्हणाले, "बघ, ओळखलं गोठ्याला."

आता नशीब बघा. इतकी मोठी चूक करणाऱ्या डॅलसला मे महिन्यात ड्राफ्टच्या सोडतीत पहिला क्रमांक लागला. शक्यता होती १.८ टक्के. त्यांना कूपर फ्लॅग हा गुणी पोरगा मिळाला. आमच्याकडेही असं होतं. एक जण रस्त्याकडेची जमीन घाईत विकतो, सगळे त्याला मूर्ख म्हणतात आणि मग त्याच्या उरलेल्या खडकाळ तुकड्यातून रिंगरोड जातो. हॅरिसन यांना मात्र रिंगरोड पावला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांना घरी पाठवण्यात आलं. ती बदली आपसी नव्हती.

त्याच महिन्यात आपल्या आयपीएलचा बाजारही भरला. इथे निदान खेळाडूची संमती लागते. जडेजा २०१२ पासून, मधली दोन वर्षं सोडली तर, चेन्नईचा. तो आणि सॅम करन राजस्थानला गेले, संजू सॅमसन चेन्नईला आला. आणि जडेजाचा भाव १८ कोटींवरून १४ कोटींवर आला. गुरुजी हबकले. "बदली मागितली म्हणून मूळ वेतन कमी? युनियन काय करते?" मी म्हटलं, गुरुजी, १४ कोटी. ते म्हणाले, "तत्त्वाचा प्रश्न आहे."

मराठी माणसाला खरी गोडी होती ती दुसऱ्या अदलाबदलीत. पालघरचा शार्दुल ठाकूर २ कोटींना लखनौहून मुंबईत आला आणि वांद्र्याचा अर्जुन तेंडुलकर ३० लाखांना मुंबईहून लखनौला गेला. कागदावर दोन वेगळे सौदे. पण सोयरीक जुळवणाऱ्यांना विचारा, एक पोरगी देऊन एक करून घेतली की आम्ही त्याला साटंलोटं म्हणतो, पत्रिका दोन छापल्या तरी. शार्दुलचा तर हा तिसरा सौदा: आधी पंजाबहून पुण्याला, मग दिल्लीहून कोलकात्याला, आता हा. त्याच्याकडे बॅगा भरायची काही युक्ती असेल तर ती महसूल खात्यातल्या तलाठ्यांना शिकवावी. अर्जुनही नवखा नाही. रणजीसाठी तो आधीच मुंबई सोडून गोव्याला गेला आणि पदार्पणातच, डिसेंबर २०२२ मध्ये, राजस्थानविरुद्ध शतक काढलं. मुंबईत ज्याला रांगेत उभं राहावं लागतं, त्याने गोवा गाठावा, हे फक्त सुट्टीपुरतं खरं नाही.

आता शेवटचं, कारण हॉटेलवाला टेबल पुसायला लागला आहे.

प्रो कबड्डीच्या २०२५ च्या हंगामात पुणेरी पलटण पुन्हा अंतिम फेरीत पोचली. ३१ ऑक्टोबर, दिल्ली, समोर दबंग दिल्ली. आम्ही पौडमध्ये टीव्ही रस्त्याकडे तोंड करून ठेवला होता. दिल्लीच्या कोपऱ्यात डावीकडे उभा होता फझल अत्राचली. हाही इराणी. हाही आमचाच: २०२२ च्या हंगामात १ कोटी ३८ लाखांना घेतलेला, कर्णधार केलेला, संघाला अंतिम फेरीत नेलेला आणि मग सोडलेला. पैलवानांनी त्याला पडद्यावर बघितलं आणि पहिल्या चढाईआधीच चहाचे पैसे देऊन टाकले. दिल्ली ३१-२८ ने जिंकली.

तेव्हा पुणेरी पलटणच्या मालकांना पौडकरांची एक नम्र विनंती आहे. पुढच्या लिलावात तुम्ही कोणाला घ्यायचं ते घ्या, त्यात आम्ही पडत नाही. सोडणार कोणाला, एवढं मात्र आठ दिवस आधी कळवा. त्या वर्षीचा करंडक कुठे जाणार, यावर इथे मिसळीची पैज लावायची आहे.