जावईबापूंची गाडी

— काकू, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या जावईबापूंची गाडी टोचन करून न्यावी लागली!

— अगं बाई! कधी?

— परवा रात्री. राहतात वाकडला. सासुरवाडीला जेवायला येत होते निगडीला. पुनावळ्याच्या भुयारी मार्गात पाणी तुंबलेलं. पुढची पीएमपीची बस आरामात गेली, म्हणून यांनीही मागोमाग घातली.

— बसचं काय जातंय? ती उंच. तिची लाट मागच्याच्या बॉनेटवर येते.

— तेच झालं. गाडी मध्येच बंद पडली. मग यांनी चावी फिरवली. परत फिरवली. तिसऱ्यांदा कसला तरी खाडकन् आवाज आला म्हणे.

— वाट लावली! अगं, हवा ओढायच्या तोंडातून पाणी आत गेलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी कसलं दाबलं जातंय! पिस्टन वर येतो, अडतो आणि रॉड वाकतो. तुझे काका जन्मभर टेल्कोत होते, जेवताना हेच ऐकलंय मी. पाण्यात बंद पडली ना, की चावीला हातच लावायचा नाही. उतरायचं, चार पोरं गोळा करून ढकलायची.

— विम्याचे पैसे मिळतील की.

— साध्या विम्यात असं इंजिन सहसा बसत नाही. वरचे पैसे भरून इंजिनाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. तुमच्यात आहे का?

— कुणास ठाऊक! पण खरी गंमत ऐका ना. जावई चाकणला गाड्यांच्याच कारखान्यात आहेत. क्वालिटीला!

— घ्या! दिवसभर लोकांच्या गाड्या तपासायच्या आणि… बरं, हसू नकोस. २६ जुलै आठवतोय? २००५ चा? सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. मुंबईत माणसं बंद गाड्यांत गुदमरून गेली गं. वायरिंगमध्ये पाणी गेलं की काचा खाली येतीलच असं नाही. पाणी चढायला लागलं की पहिल्यांदा काच खाली करायची, मग काय ती फोनाफोनी.

— पण सीटच्या उशीचा दांडा काढून काच फुटते ना? व्हॉट्सॲपवर आलं होतं.

— व्हॉट्सॲपवर कॅन्सरही बरा होतो! टोकदार हातोडी मिळते, पट्टा कापायचं पातं असलेली. ती आण. आणि डिकीत नको टाकूस, हाताशी ठेव. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारायची. पुढच्या काचेच्या नादी लागू नये, तिच्या दोन थरांत प्लॅस्टिक असतं. तडकते, पण जागची हलत नाही.

— आमचं ध्यान रोज मोशीवरून चाकणला जातं. तळेगाव चौकात अडकलं की दोन-दोन तास हलत नाही म्हणतो.

— मग पाण्याची बाटली, पॉवर बँक आणि डबाभर भडंग देत जा. खड्डे पाण्यानं भरले की खोली कळत नाही, टायर बाजूनं फाटतो. तुमचे पुढचे दोन्ही टायर गोटा झालेत, सांगणारच होते. मघाशी भिंतीवरून दिसले.

— काकू, तुमची नजर म्हणजे!

— टायरच्या खाचांत बारीक उंचवटे असतात बघ. रबर झिजून त्यांना टेकलं की १.६ मिलिमीटर उरलं, टायर बदलायचा. आणि स्टेपनीत हवा कधी भरली होती?

— …स्टेपनी आहे हे नक्की. तिच्यावर गणपतीचं मखर ठेवलंय.

— शाबास! आणि तो लाल त्रिकोण? गाडीबरोबर आलेला?

— पिशवीतून काढलाच नाहीये.

— नाशिक रोडला रात्री कंटेनर कसे येतात माहितीये ना? गाडी बंद पडली की चांगला पन्नास-साठ पावलं मागं नेऊन मांडायचा तो. मग सगळ्यांनी उतरून रस्त्यापासून लांब उभं राहायचं. गाडीत बसून फोन करायचा नाही. हायवेवर १०३३ लाव, कुणाला लागलं असेल तर ११२.

— चारी इंडिकेटर लावून ठेवायचे ना?

— थांबल्यावर! खंडाळ्याच्या घाटात बघ, पाऊस आला की सगळे चालत्या गाडीत लुकलुकत बसतात. कोण वळतोय, कोण थांबलाय, कळायला काही मार्ग? पावसात हेडलाइट लाव, बास. मला तर तो प्रकार बघून… जाऊ दे. वायपरची रबरं तेवढी बदल. उन्हाळ्यात पार कडक होतात, काचेवर नुसतं खरवडतात.

— रविवारी लावतेच आमच्या ध्यानाला कामाला.

— आणि जावई आता जातात कसे?

— कंपनीच्या बसनं. म्हणतात, बरंच झालं, चाकण येईपर्यंत झोप होते. सासूबाईंचं मात्र तोंड एवढंसं झालंय. गाडी त्यांनीच दिली होती ना, दिवाळसणाला!