ट्रॅक्टरचं चालतं का?

उपवासाच्या माणसाला साबुदाणा दिला की तो गप्प बसतो, असा आपल्याकडे पक्का समज आहे. एकादशी असो, सोमवार असो, चतुर्थी असो, इलाज एकच. ऋषिपंचमी मात्र या इलाजाला दाद देत नाही. भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणपती बसल्याच्या दुसऱ्याच दिवशी, बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. ऐकायला नियम एका ओळीचा. पाळायला घेतला की माणूस जेवायचा सोडून चौकश्या करत फिरतो.

आमच्या मराठवाड्यात पोळा श्रावणी अमावास्येला. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी, दुसऱ्या दिवशी झूल, बाशिंग, पुरणपोळी. त्यानंतर पाचव्या दिवशी ही पंचमी. बैलाला आधी एक दिवस सुटी द्यायची आणि आठवडा उलटायच्या आत त्याच्या कमाईला हात लावायचा नाही. ही जोडी ऋषींनी लावली असेल, तर त्यांची कुठेतरी कोरडवाहू जमीन असणार. कहाणीतही बैल आहेच. मेलेले आईबाप मुलाच्याच घरी बैल आणि कुत्री होऊन येतात. बैल दिवसभर औताला जुंपलेला, पोटात काही नाही. रात्री दोघांची बोलणी मुलाच्या कानावर पडतात आणि मग तो ऋषींना उपाय विचारायला निघतो. हा जन्म त्यांच्या नशिबी का आला, त्याचं कहाणीतलं कारण विटाळाचं. आईनं ते केव्हाच गाळून टाकलंय. "ते ऱ्हाऊ दे बाबा. बैल उपाशी होता, एवढं ध्यानात ठेव," म्हणते. पोथीतली ही दुरुस्ती मला मान्य आहे.

यंदा मी म्हणालो, मीही करतो. आई हरखली. बायको म्हणाली, "उद्यापनही तुम्हीच करायचं."

आमच्या घरी या बाबतीत आई म्हणजे खालचं कोर्ट. अपील पैठणच्या आत्याकडे, फोनवर. पहिला निकाल सकाळी सहालाच लागला. चहातलं दूध बंद, कारण आमच्याकडे त्या दिवशी गाईचंही चालत नाही. साखर बंद, कारण ऊस कारखान्यावर बैलगाडीतून जातो. गूळही त्याच गाडीतला. पोळी, भाकरी, वरण यांचा तर प्रश्नच नव्हता. तेल तरी सुटेल अशी आशा होती. हल्ली शहरात लाकडी घाण्याच्या तेलाची दुकानं निघालीत आणि तिथला घाणा मोटारीवर फिरतो, हे मी आईच्या लक्षात आणून दिलं.

"घाण्याला नसंल बैल. करडीच्या रानात होता का नाही?"

तेल गेलं.

मग पुण्याहून गणपतीला आलेल्या पुतणीनं खरा मुद्दा काढला. आधी तिनं या उपवासाला व्हीगन ठरवून आमचं अभिनंदन केलं आणि मग म्हणाली, "आजी, आता सगळी नांगरट ट्रॅक्टरनं होते. मग ट्रॅक्टरचं चालतं का?"

चालत असेल, तर जाधववाडीचा अख्खा बाजार मोकळा झाला! गहू, ज्वारी, तूरडाळ, सगळं पावन. मी भाजीची पिशवी घेऊन उंबऱ्यातच थांबलो. आईचं माहेर शेतकऱ्याचं. तिनं शांतपणे विचारलं, "नांगरलं ट्रॅक्टरनं. पाळी कुणी घातली? कोळपं कुणी हाणलं?"

पुतणीला कोळपं म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, त्यामुळे उलटतपासणी तिथेच संपली. मी पाणचक्की पुढे केली. अठराव्या शतकात याच गावात, बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात, डोंगराकडचं पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर जातं फिरवलं आणि फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळलं. दळणातून बैल सोडवणाऱ्या शहरात आपण राहतो, असं मी जरा छाती काढून सांगितलं.

"दळलं पाण्यानं. गहू काय नळातून आला?" आई म्हणाली.

औरंगपुऱ्याच्या मंडईत त्या सकाळी ऋषीच्या भाजीचे तयार वाटे मिळतात. अळूची दोन पानं, माठाचे देठ, चार भेंड्या, लाल भोपळ्याची फोड, अंबाडीची जुडी, मक्याचं अर्धं कणीस, वर चिंचेचं एक बोटूक. हे कुणाच्या परसातलं, असं मी विचारलं. मावशी म्हणाल्या, "घ्या बिनधास्त, बैल नाही लावला." विचारणारा मी सकाळपासूनचा पहिला नसणार, हे त्यांच्या वेगावरून कळलं.

या भाजीला फोडणी नाही, हळद नाही, शेंगदाण्याचं कूट नाही. मीठ, हिरवी मिरची, चिंच आणि पाणी, संपलं. कणसाचे चाकासारखे तुकडे करून टाकायचे आणि अळू पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं. कच्चं राहिलं तर घसा असा खाजतो की ऋषी आठवतात. चिंच त्यासाठीच. तुकड्याचा मधला दांडा चोखला की आंबट-तिखट रस थेट कानशिलापर्यंत जातो. ही भाजी वर्षभर का करत नाहीत, असं मला वाटतं. दुसरा वाडगा घेतल्यावर मात्र वाटत नाही. सोबत भगर. ती पूर्वी डोंगरउतारावर कुदळीनं पिकवत, म्हणून चालते. आता पाकिटावर उतार लिहिलेला नसतो, पण आईनं तिथे डोळे मिटलेत.

खरी परीक्षा वाळूजला, कंपनीत. तिथे गणपती बसलेला, आरती झालेली आणि हातात पेढा. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं आणि पेढा खायचा नव्हता. आत्याला फोन लावला. "कपाळाला लाव नि रुमालात बांध," असा तातडीचा हुकूम आला. दुपारी कुणीतरी मायेनं साबुदाण्याची खिचडी पुढे केली. साबुदाणा तमिळनाडूकडच्या कंदाचा, तिथे बैल असतो की नसतो, हा प्रश्न सकाळीच निकालात निघाला होता. "आपल्याला म्हाईत नाही म्हणजे बैल नाही, असं कसं म्हणावं?" शेजारी बसणारा शहागंजचा दोस्त माझा डबा बघत म्हणाला, "मियाँ, हमारा रोज़ा घड़ी देखके चलता. तुमकू तो पूरा खेत देखना पड़ता."

संध्याकाळी पुतणीनं प्रकरण वर नेलं. ट्रॅक्टरचं चालतं का, हे तिनं थेट आत्यालाच विचारलं. आत्या बराच वेळ गप्प. मग म्हणाली, परवा पोळ्याला गावाकडे थोरल्याच्या पोरानं ट्रॅक्टरला बेगड लावली, हार घातला, बॉनेटवर पुरणपोळी ठेवली. "म्हणजे बैलच झाला की तो. मग त्याच्या कष्टाचं तरी कसं खावं? तेबी बंद."

आता खाण्याजोगा उरला तो आमच्या सिडकोतल्या घराच्या कंपाउंडवर चढलेला आईचा दोडका. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून त्या वेलाला टँकरचं पाणी जातं. टँकर कोण ओढतं, ते आत्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.