शिळ्या पाण्याचे मानकरी

मराठी घरात पाणी रात्रीतून शिळं होतं. सकाळी नळ आला की आधी कालचा हंडा ओतायचा, मग आजचा भरायचा. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या सोसायटीतही हा नियम मोडत नाही. अशा घरात मी गप्पी माशांची टाकी आणली आणि ज्यांना शिळंच पाणी चालतं, असे पाहुणे कायमचे मुक्कामाला आले.

पाहुण्यांची बाजू शास्त्राने भक्कम आहे. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन असतो. तो आपल्याला तारतो, पण माशांचे कल्ले जाळतो. शिवाय फिल्टरच्या स्पंजात बसून माशांची घाण निस्तरणाऱ्या सज्जन जिवाणूंनाही तो जंतूच समजतो. पाणी 24 तास उघडं ठेवलं की बराचसा क्लोरीन उडून जातो आणि पाणी घराच्या तापमानाला येतं. फारच घाई असेल तर हायपोचे खडे मिळतात. पूर्वी फोटो धुणाऱ्यांकडे असायचा तोच हायपो. हे सगळं मी आईला सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माणसांना औषध घातलेलं आणि माशांना निवळलेलं." या वाक्यात शास्त्रीय चूक काढता येत नाही.

तर बाल्कनीत निळं पिंप आलं. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं झालं की बहुतेक वेळा गुरुवारच निवडला जातो, आणि 'शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येईल' हे वाक्य इथल्या पोराटोरांना पाठ असतं. त्यामुळे एरवी कोणी ढुंकूनही न पाहिलेलं ते पिंप गुरुवारी दुपारी एकाएकी सगळ्यांच्या डोळ्यांत भरतं. भांडी घासणाऱ्या मावशी तांब्या घेऊन येतात, बायको बादली घेऊन येते. "माशांचं आहे ते," असं मी म्हणालो की दोघी माझ्याकडे अशा बघतात, की त्यापेक्षा माशांनी एक दिवस कळ काढलेली बरी.

वास्तविक माशांची मागणी माफक आहे. टाकी 2 फूट लांब, 1 फूट रुंद आणि 1 फूट उंच. म्हणजे 2 घनफूट, सुमारे 56 लिटर. खालची वाळू आणि वरची मोकळी जागा वजा करून 45 धरा. सगळं पाणी एकदम बदललं तर मासे बिथरतात, म्हणून आठवड्याला पाव भाग. झाले 11 लिटर. बादलीभरसुद्धा नाही! हा हिशेब ऐकून कोणीही म्हणेल, की यात लेख लिहिण्यासारखं काय आहे?

आहे, कारण पाणी काढणं आणि पाणी भरणं ही दोन वेगळी खाती आहेत. काढण्याचं खातं गुरुत्वाकर्षणाकडे. नळी पाण्याने भरायची, टोकावर अंगठा दाबायचा, ते टोक खालच्या बादलीत सोडायचं आणि चहा प्यायला जायचं. भरण्याचं खातं मात्र माझ्याकडे. टाकीचा काठ जमिनीपासून साडेतीन फुटांवर, पिंप जमिनीवर, आणि 1 लिटर पाण्याचं वजन 1 किलो. भरलेली बादली छातीपर्यंत उचलून बारीक धारेने ओतताना पाणी दोन वाटांनी जातं. एक वाट टाकीत, दुसरी कोपरावरून शर्टाच्या बाहीत. धार जोरात पडली तर तळाची वाळू उसळते, रोपं उपटली जातात. म्हणून तळाशी बशी ठेवून धार तिच्यावर सोडायची. आमच्याकडच्या चांगल्या सेटमधल्या सहा बशांपैकी एक कायम पाण्याखाली असते. पाहुणे पाच आले तर ठीक, सहावा आला की त्याला स्टीलची वाटी.

धरणांच्या कामांवर उभी हयात घालवून निवृत्त झालेले शेजारचे काका हे दर आठवड्याला बघत होते. त्यांची पहिली सूचना, पिंप माळ्यावर चढवा. म्हणजे पाणी आपोआप उतरेल. पाणी माळ्यावर कोण नेणार, हा माझा प्रश्न त्यांना फार किरकोळ वाटला. दुसरी सूचना, कूलरचा पंप. तो ते स्वतःच घेऊन आले. खोक्यावर दोन आकडे होते, ताशी किती लिटर आणि किती फूट उंच. दोन्ही खरे, मात्र एकाच वेळी नव्हे. पंप कमाल उंचीला पोचतो तेव्हा पाणी थांबतं, आणि पाणी कमाल मिळतं तेव्हा उंची नसते. आमच्या साडेतीन फुटांवर पाणी आलं, ते उशिरा आणि कमी दाबाने.

पण आलं! नळी कपड्यांच्या चिमट्याने टाकीत खोल अडकवली होती. पातळी काठाशी आल्यावर काकांनी विजयी मुद्रेने बटण बंद केलं. पाणी थांबलं नाही, फक्त त्याने दिशा बदलली. नळीचं वरचं टोक बुडालेलं, खालचं पिंपात, मधे पाणी. निसर्गाला एवढंच लागतं. टाकी शांतपणे पिंपात परत निघाली आणि गप्पीची दोन पिल्लंही गेली तिच्यासोबत. "बघितलंस? यालाच वक्रनलिका म्हणतात," काका कौतुकाने म्हणाले. मुलीने नळी उपसून पाण्याबाहेर काढली, तोवर त्यांचं हवेच्या दाबावर विवेचन चालू होतं.

बाहेर काढलेल्या पाण्याचा वाद वेगळा. त्यात नायट्रेट असतं, म्हणजे झाडांना फुकटचं खत. आईने तुळशीला साफ नकार दिला. जास्वंदीने हरकत घेतली नाही.

मग पावसाळ्यात डेंग्यूची पाहणी करणाऱ्या ताई आल्या. उघडं पिंप बघून त्यांच्या भुवया चढल्या. "आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळता ना?" मी पिंपावरची जाळी दाखवली, मग टाकी दाखवली. त्यांचा चेहरा उजळला. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात. "थोडे द्या की, समोरच्या अर्धवट बांधकामाच्या खड्ड्यात सोडते."

तिथे ना पंप, ना बशी, ना चिमटा. पाणी कोणी बदलत नाही, निवळतही नाही. महिनाभराने बघितलं तर खड्डा पिल्लांनी फुललेला. माझ्या टाकीपेक्षा तिथली तब्येत बरी. आता मी गुरुवारी बादली उचलताना कुरकुरलो, की आई आतून बजावते, "नीट भर हो. त्यांचे भाऊबंद सरकारी नोकरीत आहेत."