पाहुण्यांना बसायला जागा नाही

स्विंडन,
रविवार रात्र

ती. आबा आणि सौ. आई यांस,


फोनवर आबांना अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं आई मध्येच बोलून खाते, म्हणून हे पत्र. शिवाय सांगायचंय ते फुटबॉलचं. ते बैजवार सांगितलं नाही तर आबा म्हणणार, पोरगं लंडनला जाऊन वाया गेलं. (लंडन नव्हे, स्विंडन. हे मी नऊ वर्षं सांगतोय.)

तर काल आम्ही तिघं 'अवे'ला गेलो. आपला संघ दुसऱ्याच्या गावात खेळायला निघाला की त्याच्या मागोमाग आपणही जायचं, याला इथं 'अवे' म्हणतात. आबा, तुम्हाला हे पटायला जड जाईल. आपल्याकडं कोल्हापुरात पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच लागली की दोन्हीकडची माणसं त्याच शाहू स्टेडियमवर. भांडण झालं तरी घरी जायच्या वाटा त्याच. परगाव कुठलं, पलीकडची पेठसुद्धा चार हाकांवर. इथं मात्र पाहुण्यांचं तिकीट वेगळं, दार वेगळं, उभं राहायची जागाही वेगळी.

हे खूळ तुमच्या नातीचं. शाळेतल्या मैत्रिणीच्या नादानं तिनं स्विंडन टाऊनचा लाल शर्ट अंगात घातला तो आता धुण्यापुरताच उतरतो. संघ 'लीग टू'मध्ये आहे. ऐकायला दुसरी वाटते, पण वर प्रीमियर, तिच्याखाली चॅम्पियनशिप, मग लीग वन आणि मग ही. म्हणजे दुसरीत आहे म्हणून सांगायचं आणि बसायचं चौथीत.

सामना होता नेल्सवर्थच्या फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सशी. अंतर आपल्या कोल्हापूर-सांगलीएवढं. गाडी तुमच्या सुनेनं चालवली. निघाल्या निघाल्या मॅजिक राउंडअबाउट आडवा आला. 1972 सालचा हा चौक म्हणजे मधल्या एका चकरीभोवती पाच छोट्या चकऱ्या, आणि आतल्या चकरीत गाड्या उलट्या फिरतात. पहिलं वर्षभर ती हा चौक टाळण्यासाठी तीन मैलांचा वळसा घालून भाजी आणायची. काल एका दमात पार झाली. मीच डोळे मिटून 'अंबाबाई, अंबाबाई' करत होतो.

नेल्सवर्थ हे सहा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. मैदानात माणसं मावतात पाचेक हजार. म्हणजे सगळं गाव मॅचला आलं तर हजारभर लोकांना दारातूनच परत पाठवावं लागेल. गाव दरीत आणि मैदान डोंगराच्या माथ्यावर. चढ असा की जोतिबाला निघाल्यासारखं वाटलं, फक्त गुलाल नव्हता. वर पोचता पोचता गाडीतली रस्ता सांगणारी बाई म्हणाली, 'टर्न इंटू अनदर वे.' मी म्हटलं, रस्ता चुकलाय, ती दुसऱ्या वाटेनं जायला सांगतेय. सून म्हणाली, मग दुसरी वाट कुठली ते का नाही सांगत? आम्ही दोनदा खाली उतरून दोनदा वर आलो. शेवटी नातीनं खिडकीतून पाटी दाखवली. त्या रस्त्याचं नावच 'अनदर वे' आहे. मैदानाचा पत्ताच तो. कुणी ठेवलं असेल त्याला माझा साष्टांग नमस्कार कळवा.

आबा, तुम्ही वर्गात इंग्रजांची लाल डगलेवाल्यांची फौज शिकवायचात ना? त्या डगल्यांची लाल बनात या शेजारच्या स्ट्राउडच्या दऱ्यांतल्या गिरण्यांत निघायची. त्या फौजेचा मुलूख बघायला यावं, तर बहुतेक गिरण्यांच्या इमारतीच तेवढ्या राहिल्यात.

आता आई, तुझी पाळी. गेल्या दिवाळीत तू मला मफलर विणून पाठवलास. ऊबदार आहे, मऊ आहे आणि हिरवागार आहे. थंडी मरणाची, म्हणून मी तोच गुंडाळला. फॉरेस्ट ग्रीनचा रंग कुठला ते घरातून निघताना माझ्या डोक्यात आलंच नाही. पाहुण्यांच्या दारापाशी पोचलो तर तिथल्या बाईनं माझ्याकडं पाहून अगदी गोड आवाजात सांगितलं, घरच्यांचं दार पलीकडं आहे. नात लाल, मी हिरवा, सून काळ्या कोटात. कोण कुणाला पळवून घेऊन चाललंय असा प्रश्न त्या बाईच्या चेहऱ्यावर होता. नात म्हणाली, 'हे आमच्यातलेच आहेत, फक्त त्यांना कळत नाही.'

मग पिशवी तपासली. डब्यात भाकरी, खर्डा आणि शेंगदाण्याची चटणी होती. बाईनं विचारलं, हे काय? नात म्हणाली, 'व्हीगन.' ती बाई इतकी खूश झाली की मला वाटलं, घरच्यांच्या दारातून आत घेऊन खुर्ची देते.

कारण या क्लबात मटण-चिकन मिळत नाहीच, पण अंडं, दूध, लोणी यातलंही काही मिळत नाही. डेल व्हिन्स नावाचा पवनऊर्जेतला उद्योजक 2010 साली अध्यक्ष झाला. 2011 मध्ये लाल मांस बंद झालं आणि 2015 पासून सगळंच. खेळाडूंनाही तेच आणि प्रेक्षकांनाही तेच. मैदानाला रासायनिक खत नाही, छतावर सौर पॅनेल, गवत कापायला आपसूक फिरणारं यंत्र. एका मोसमात तर खेळाडूंचे शर्ट निम्मे बांबूचे होते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेला माणूस डोंगर चढून वर आला, आणि वर बारमाही चातुर्मास! चहा घेतला तर त्यात ओटचं दूध. आई, वाईट नव्हता. फक्त चहा पितोय हे स्वतःला सारखं सांगत राहावं लागत होतं.

आपल्याकडं पाहुणा आला की 'या पावणं, बसा' म्हणतात. इथं पाहुण्यांना बसायचं नाही, उघड्या पायऱ्यांवर उभं राहायचं. हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेनंतर इंग्लंडात वरच्या दोन श्रेणींतल्या मैदानांवर खुर्च्या सक्तीच्या झाल्या, खाली ही उभ्यानं बघायची पद्धत टिकली. पाऊस सुरू झाला. आमची लाल माणसं एकमेकांना चिकटून उभी राहिली आणि बेकनच्या स्तुतीची गाणी म्हणू लागली, पलीकडच्या हिरव्यांना चिडवायला. मागं दोघं मडगावकर कोकणीत रेफरीचा उद्धार करत होते. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं इतकी आहेत की रेफरीनं जपून राहावं.

माझ्या शेजारी एक म्हातारबा होते. टोपीला इतके बिल्ले की मान वाकलेली. त्यांनी माझ्या मफलरकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि विचारलं, 'कुठले तुम्ही?' नऊ वर्षांच्या सवयीनं मी सुरू झालो : कोल्हापूर, म्हणजे मुंबईच्या खाली, म्हणजे भारतात... त्यांनी हात वर करून मला थांबवलं. 'ते नव्हे. स्विंडनमध्ये कुठले?'

मी म्हटलं, गॉर्स हिल.

'मग ठीक,' म्हणाले, आणि स्वतःच्या गळ्यातला लाल स्कार्फ काढून माझ्या गळ्यात घातला. तुझा मफलर मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, आई. टाकला नाही.

म्हातारबांची वारी चालू आहे. लीगमधल्या 92 च्या 92 मैदानांवर पाय ठेवायचा. म्हटलं, किती राहिली? म्हणाले, ते दर उन्हाळ्यात बदलतं. मोसम संपला की तळातले दोन संघ लीगबाहेर जातात आणि खालून दोन नवे येतात. 2017 मध्ये हे फॉरेस्ट ग्रीन वर आलं, म्हणून गुडघे दुखत असतानाही हा डोंगर चढावा लागला होता; 2024 मध्ये ते पुन्हा लीगबाहेर गेलं. अष्टविनायकात दरवर्षी दोन गणपती बदलले असते तर आपलं काय झालं असतं? 1969 च्या मार्चमध्ये तिसऱ्या श्रेणीतल्या स्विंडननं वेम्बलीवर आर्सेनलला 3-1 नं हरवून लीग कप आणला, तेव्हा हे शाळकरी पोर होते. डॉन रॉजर्सचे दोन गोल त्यांनी मला पायानं करून दाखवले, त्या ओल्या पायरीवर, एका हातात चहा धरून.

त्यांच्याकडं खायला काही नव्हतं. सुनेनं भाकरीचा तुकडा पुढं केला, त्यावर खर्डा. मी म्हटलं, जरा जपून. त्यांनी शिऱ्याचा घास घ्यावा तसा घेतला. दोन सेकंद काही झालं नाही. मग कानांपासून रंग चढत गेला, तो पार स्विंडनच्या शर्टापर्यंत आला. डोळ्यांतून धारा. एक मडगावकर पाणी घेऊन धावला, दुसऱ्यानं पाठ थोपटली, सून 'साखर, साखर' म्हणून पर्स उपसू लागली. आमचा सगळा कोपराच मैदानाकडं पाठ करून उभा.

आणि तेवढ्यात गोल झाला.

कुणाचा ते मला विचारू नका. ओरडा झाला तो कुठल्या बाजूनं हेही कळलं नाही. नात दोन तास माझ्याशी बोलली नाही, यावरून आबा काय ते समजतील. तुम्ही म्हणायचात, स्टेडियमवर खायला नेलं की गोल चुकतो. तेव्हा भेळ होती.

म्हातारबा मात्र सावरले. घसा खाकरून ते पहिलं वाक्य बोलले ते असं : 'अजून आहे का?'

त्यांना स्कार्फ परत द्यायला गेलो तर घेईनात. म्हणाले, पुढच्या वेळी आणा, डब्यासकट.

बाकी सगळं क्षेम. थंडी आहे, पण सोसवते. आबांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात आणि टेरेसवर एकट्यानं चढू नये.

आपला,
धाकटा

ता. क. : आई, तू खर्ड्याला वाटीभर दाण्यांना मिरच्या किती घेतेस? सून म्हणते बारा. त्या म्हातारबांसाठी किती कराव्यात ते कळव. आणि पुढचा मफलर विणायला घेतलास तर लोकर आणण्याआधी नातीला फोन कर.