जाताना काय नेता येईल?

२७ ऑक्टोबर २०२२ रोजी इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलर मोजून ट्विटर ताब्यात घेतलं आणि जगभरच्या विचारी मंडळींनी आपण आता इथे क्षणभरही थांबणार नसल्याचं जाहीर केलं. जाहीर अर्थातच ट्विटरवर केलं. त्या घोषणेला किती लाइक पडतात हे पाहण्यासाठी थोडं थांबणं भाग होतं, आणि तेवढ्यात 'जायचं तर कुठे' हा प्रश्न उभा राहिला. उत्तरादाखल तीन नावं पुढे आली: मॅस्टोडॉन, ब्लूस्की आणि नॉस्टर. तिघांची जाहिरात एकच, आमच्याकडे कोणी एक मालक नाही. हे ऐकून कॅलिफोर्नियातल्या माणसाला मोकळं वाटत असेल. आपल्याकडच्या माणसाला पहिली शंका येते ती ही की, मग तक्रार कुणाकडे करायची? शंका रास्त आहे. बिनमालकाची जागा जगात नसते. एका बड्या मालकाच्या ऐवजी तिथे अनेक किरकोळ मालक असतात, आणि किरकोळ मालक कमी त्रास देतो असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच की, या तिघांतून निवड करताना आत शिरल्यावर काय मिळेल हे विचारू नये. बाहेर पडताना काय नेता येईल हे विचारावं.

आत काय मिळतं याची तुलना करण्यात अर्थ नाही, कारण तिथे फरक औषधापुरता आहे. मॅस्टोडॉनवर एका वेळी ५०० अक्षरं लिहिता येतात, ब्लूस्कीवर ३००. ज्याचं म्हणणं ३०० अक्षरांत पटत नाही त्याचं ५०० अक्षरांत पटतं, असा अनुभव निदान सोशल मीडियाच्या इतिहासात नोंदलेला नाही. एकाचं बोधचिन्ह हत्तीच्या कुळातलं, दुसऱ्याचं फुलपाखरू. त्यावरून निवडायचं तर निवडणुकीचं मतदानच बरं. राहिला तज्ज्ञांचा सल्ला. या विषयात ट्विटरचे सहसंस्थापक जॅक डॉर्सी यांच्याहून मोठा तज्ज्ञ कोण? ब्लूस्कीची कल्पना २०१९ मध्ये त्यांनीच ट्विटरच्या मांडवात जाहीर केली. २०२२ च्या डिसेंबरात त्यांनी नॉस्टरला १४ बिटकॉइनची देणगी दिली. २०२४ च्या मे महिन्यात ते ब्लूस्कीच्या संचालक मंडळातून बाहेर पडले आणि त्याच सुमारास एक्सवर, म्हणजे नाव बदललेल्या जुन्या ट्विटरवर, स्वातंत्र्य देणारं तंत्रज्ञान हेच असल्याचा निर्वाळा देऊन मोकळे झाले. ज्यांनी ही दुकानं मांडली किंवा मांडायला पैसे दिले त्यांचीच खरेदी अशी चालू असेल, तर गिऱ्हाइकाने गोंधळून जाण्यात कमीपणा नाही.

बाहेर पडण्याच्या दाराचं महत्त्व भारतीयांनी मस्क यांच्याही आधी अनुभवलं आहे. २०१९ मध्ये ट्विटरने सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं बंद केलं. आधी आक्षेप होता तो त्यांच्या पानावरच्या छायाचित्राला: १९३६ सालच्या हॅम्बुर्गच्या गोदीत सगळा जमाव हात उंचावून नाझी सलामी देतो आहे आणि एकच माणूस हाताची घडी घालून उभा आहे. नाझींना विरोध करणाऱ्याचं चित्र द्वेष पसरवणारं ठरलं, हा विनोद कुणा माणसाला सुचला की यंत्राला, हा प्रश्न वेगळा. त्यावर संतापून नोव्हेंबरात असंख्य भारतीय मॅस्टोडॉनवर गेले, नवीन जागा किती छान आहे हे एकमेकांना सांगितलं आणि बहुतेक जण मुकाट्याने परत आले. त्यांना भेकड म्हणणं अन्यायाचं होईल. ट्विटर सोडताना सोबत काहीच नेता येत नव्हतं: वर्षानुवर्षं जमवलेले अनुयायी नाहीत, ओळखी नाहीत, नावसुद्धा नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेला माणूस चार दिवसांत परततोच. त्याच्या तत्त्वांपेक्षा त्याच्या सामानाचा यात जास्त संबंध असतो. आणि भाडेकरू परत येणार हे ठाऊक असलं की मालक गळकं छत कशाला दुरुस्त करेल?

आता एकेकाचं दार तपासू. मॅस्टोडॉन २०१६ मध्ये युजेन रोच्को या जर्मनीतल्या तरुणाने सुरू केलं. ते ज्या ॲक्टिव्हिटीपब नावाच्या नियमावलीवर आज चालतं, तिला २०१८ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने मान्यता दिली. प्रत्यक्षात ही हजारो स्वतंत्र सर्व्हरांची वसाहत आहे, आणि तिची रचना समजायला आपल्याला संगणकशास्त्राची गरज नाही, सहकारी गृहनिर्माण सोसायटीत राहिल्याचा अनुभव पुरतो. प्रत्येक सर्व्हर ही एक सोसायटी, तिचा चालक म्हणजे बिनपगारी सेक्रेटरी, नियमांचा फलक दाराशीच. एका सोसायटीतला माणूस दुसरीतल्या माणसाशी खुशाल बोलू शकतो. फक्त दोन्ही सेक्रेटऱ्यांचं पटत असलं पाहिजे. पटलं नाही तर एक सेक्रेटरी समोरच्या अख्ख्या इमारतीला गेटवर अडवतो आणि वरच्या मजल्यावरच्या तुमच्या मित्राचा आवाज येईनासा होतो. २०२३ मध्ये मेटा कंपनी थ्रेड्स हे आपलं ॲप घेऊन या वसाहतीत येणार म्हटल्यावर कित्येक सेक्रेटऱ्यांनी ती यायच्या आधीच तिला आत न घेण्याच्या जाहीर करारावर सह्या केल्या. पाहुणा दिसण्यापूर्वी ठराव मंजूर झाला. सोसायटीची उपमा याहून चपखल बसणार नाही.

या सोसायटीतून निघताना अनुयायी बरोबर येतात. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून घेता येते आणि नव्या जागी चढवता येते. लिहिलेल्या पोस्ट मात्र जुन्या जागीच राहतात. त्यांची प्रत दर ७ दिवसांतून एकदा मागता येते, पण नव्या घरात ती मांडता येत नाही. शिवाय अनुयायांना 'हा माणूस तिकडे गेला' हे कळवण्याचं काम जुन्या सर्व्हरचं, म्हणजे सेक्रेटरीचं ना हरकत प्रमाणपत्र लागतंच. सेक्रेटरी सभ्य असेल तर अडचण नाही. सुमारे १२ हजार सभासदांच्या मॅस्टोडॉन डॉट एलओएल या सर्व्हरचा चालक २०२३ मध्ये हॅरी पॉटरच्या जगातल्या एका व्हिडिओ गेमवरून झालेल्या भांडणांना कंटाळला, पण जाताना त्याने आवराआवरीला मुदत दिली. क्विअर डॉट एएफ या सर्व्हरच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. त्याच्या पत्त्याचं शेपूट अफगाणिस्तानच्या मालकीचं होतं. पत्ता घेतला तेव्हा काबूलमध्ये सरकार वेगळं होतं, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तालिबानच्या मंत्रालयाने तो पत्ताच बंद करून टाकला. समलिंगी मंडळींच्या गप्पांचं छप्पर तालिबानच्या खात्यात नोंदलेलं असावं, हा विकेंद्रीकरणाचा पराक्रम कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नव्हता.

ब्लूस्कीचं दार कागदावर सर्वांत उत्तम. तिथे तुमची ओळख सर्व्हरपासून वेगळी ठेवलेली असते, त्यामुळे घर बदललं तरी अनुयायी आणि पोस्ट दोन्ही सोबत येतात. स्वतःचं संकेतस्थळ असेल तर त्याचा पत्ता हेच तुमचं नाव करता येतं, म्हणजे नावही सोबत येतं. अडचण एवढीच की, जवळजवळ सगळी वस्ती अजून बिल्डरच्या एकाच टॉवरमध्ये आहे आणि कोण कुठे राहतो याची मुख्य वही आजवर बिल्डरच सांभाळत आला आहे. या कंपनीने २०२४ मध्ये गुंतवणूकदारांकडून दीड कोटी डॉलर घेतले, आणि गुंतवणूकदार पैसे परत मागतात हा त्यांचा जुना दोष आहे. तेव्हाच्या मुख्याधिकारी जे ग्रेबर २०२५ च्या मार्चमध्ये ऑस्टिनच्या एका संमेलनात 'सीझरविना जग' अशा अर्थाचं लॅटिन वाक्य छापलेला काळा टी-शर्ट घालून व्यासपीठावर आल्या. तो टोला मेटाचे प्रमुख झुकरबर्ग यांना होता. मग कंपनीने तोच शर्ट ४० डॉलरला विकायला काढला आणि दोन वर्षं पत्ते विकून मिळाले नव्हते इतके पैसे एका दिवसात मिळवले. सम्राट नको या विचाराला कापडावर इतकी मागणी असेल, तर भवितव्य उज्ज्वल आहे. फक्त ते होजिअरीच्या धंद्याचं की सोशल मीडियाचं, हे ठरायचं आहे. तरी न्यायाने सांगायला हवं की, २०२५ च्या एप्रिलमध्ये तुर्की सरकारच्या सांगण्यावरून ब्लूस्कीने काही खाती त्या देशापुरती झाकली, तेव्हा इतरांनी बनवलेल्या ॲपमधून ती दिसत राहिली. म्हणजे दार खरंच आहे. त्यातून ये-जा करणारे अजून थोडे आहेत.

नॉस्टरवर प्रश्नच मिटवला आहे: तिथे सोसायटी नाही, सेक्रेटरी नाही, बाहेर पडायला दारही नाही, कारण भिंतीच नाहीत. २०२० मध्ये फियाटजाफ या टोपणनावाच्या गृहस्थाने ते सुरू केलं. तुमची ओळख म्हणजे एक गुप्त किल्ली, 'एनसेक'पासून सुरू होणारी ६३ अक्षरं. ती घेऊन कुठल्याही ॲपवर जा, सगळं तुमच्यामागे येतं. किल्ली हरवली तर तुम्हीच हरवलात, 'पासवर्ड विसरलात?' असं मायेने विचारणारं तिथे कुणी नाही. आणि किल्ली चोरीला गेली, तर नॉस्टरच्या लेखी चोरच तुम्ही होतो. हे स्वातंत्र्य शंभर टक्के आहे, पण ज्या देशात बँकेचा पासवर्ड फ्रिजवर चिकटवलेल्या कॅलेंडरच्या मागे लिहिलेला असतो, तिथे ते घरोघर वाटावं असं नाही.

म्हणून माझा कौल मॅस्टोडॉनला, आणि कारण तांत्रिक नाही. नॉस्टरचं दार अतिपरिपूर्ण, ब्लूस्कीचं सुंदर पण कमी वापरलेलं. मॅस्टोडॉनचं मात्र कुरकुरणारं का असेना, हजारोंनी ढकलून पाहिलेलं आहे आणि पलीकडे राहायला खरोखर दुसऱ्या जागा आहेत. पोस्ट मागे राहतात हा मी तर गुणच समजतो. माणसं नेता येतात आणि आपले जुने विनोद नेता येत नाहीत, यापेक्षा फायद्याचं स्थलांतर कुठलं? फक्त सर्व्हर मध्यम आकाराचा घ्यावा, हिशेब जाहीर करणारा घ्यावा आणि पत्त्याचं शेपूट कोणत्या सरकारच्या हातात आहे ते पाहून घ्यावं.

यावर पहिला आक्षेप असा की, तिथे माणसंच नाहीत. मराठी माणसं तर आणखीच कमी. आपली गर्दी अजून फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर आहे. हे खरं आहे, पण गर्दी हा टिकाऊ माल नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी एक्स बंद करण्याचा आदेश दिला आणि पुढच्या काही दिवसांत लाखो ब्राझिली ब्लूस्कीवर हजर झाले. जी एका आदेशाने आठवड्यात उठून जाते तिच्या भरवशावर कायमचं घर कुणी बांधू नये. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ईमेलही विकेंद्रितच होतं, तरी शेवटी निम्मं जग जीमेलवर जाऊन बसलं, मग याचंही तेच होणार. होईल बहुधा. पण जीमेलवरून दुसऱ्या कुठल्याही पत्त्यावर आजही पत्र पोचतं, आणि ज्याने स्वतःच्या नावाचा पत्ता घेतला आहे तो कंपनी बदलतो तेव्हा पत्र पाठवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. एवढं जरी सोशल मीडियात साधलं तरी पुष्कळ. तिसरा आक्षेप, मला कुठेच जायचं नाही, मग दाराची उठाठेव कशाला? यासाठीच. दार उघडं आहे हे मालकाला ठाऊक असणं पुरे. न जाणाऱ्याचीही त्यामुळे बडदास्त राहते. आणि हे सगळंच सोडून शांत बसावं असं सुचवणारे जे आहेत, ते तो सुविचार रोज पहाटे व्हॉट्सॲपवर गुलाबाच्या फुलासकट पाठवतात, तेव्हा त्यांना उत्तर देण्याची गरज नाही.

दाराच्या या कसोटीचा खरा फायदा वेगळाच आहे. जिथून सामानासकट निघता येतं तिथली निवड चुकली तरी फारसं बिघडत नाही, आणि जी निवड चुकली तरी चालते तिच्यासाठी तुलनेचे तक्ते करण्यात आयुष्य घालवायचं कारण उरत नाही. तेव्हा समिती नेमू नका, मित्रांचा कौल घेऊ नका, जाणकारांच्या चर्चा ऐकू नका. जाणकार पुढच्या वर्षी चौथीकडे असतील. एक सर्व्हर निवडा, पहिल्याच दिवशी ती यादीची फाइल उतरवून घ्या आणि मग निवांत भांडायला सुरुवात करा.